जुनी गाडी, नवा गॅस

गाडीच्या एसीवर कवीनं काय बोलावं, असं काहींना वाटेल. पण श्रोतेहो, आमच्या घरी एसी ही चैन नव्हती. अम्मीला दमा होता. सोलापूरचा मे महिना आणि महिन्याकाठी मिरजेच्या डॉक्टरांकडे जाणं. काच उघडली की धूळ, बंद केली की भट्टी. अब्बांच्या मागं राहिलेल्या १९९३ सालच्या अॅम्बॅसेडरला डॅशबोर्डखाली एसी बसवलेला होता. २००९च्या उन्हाळ्यात तो नुसताच वारा फेकू लागला.

पहिल्या गॅरेजवाल्यानं पिन दाबून पाहिली. फुस्स! उरलासुरला गॅस गेला. म्हणाला, "हा आता मिळत नाही. स्वयंपाकाचा भरतो, बर्फासारखं गार पडेल." खोटं नव्हतं ते, तो वायू गारवा देतो. पण पेटतोही, आणि गळाला तर थेट अम्मीच्या पायांशी. मी गाडी वळवली.

दुसरे मिस्त्री वयस्कर, कमी बोलणारे. जुना गॅस म्हणजे आर-१२. तो ओझोनचा थर खातो, हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडलं. १९८७मध्ये माँट्रियलचा करार झाला, १९९२मध्ये भारत त्यात आला आणि १ ऑगस्ट २००८पासून, दम्याच्या पंपांपुरता अपवाद सोडला तर, आपल्याकडे त्याचं उत्पादन थांबलं. हे मी नंतर वाचलं. मिस्त्रींनी एवढंच सांगितलं, "सर, आता १३४-ए भरायचा. पण नुसता गॅस बदलून भागत नाही."

खरी गोम तेलात होती. जुनं खनिज तेल जुन्या गॅसात विरघळून सगळीकडे फिरतं आणि कंप्रेसरकडे परत येतं. नव्या गॅसशी त्याचं जमत नाही. ते नळ्यांतच बसून राहतं आणि कंप्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून मिस्त्रींनी तेल काढलं, नळ्या धुतल्या, एस्टर तेल घातलं. ड्रायरची बाटली आणि रबरी रिंगा बदलल्या. गॅस भरायची तोंडंही वेगळी लावली, पुढं कुणी चुकून जुना भरू नये म्हणून. मग व्हॅक्यूम पंप. अर्धा तास काटा जागचा हलला नाही, तेव्हा कुठं त्यांनी गॅस तोलून भरला, तोही जुन्यापेक्षा थोडा कमीच.

त्या 'फुस्स'ची मात्र टोचणी लागली. आर-१२ हवेत शंभरेक वर्षं टिकतो. एवढं आयुष्य माझ्या एकाही कवितेला लाभायचं नाही.

नवा गॅसही काही फरिश्ता नाही. ओझोनला तो धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून पुढं आहे. त्याचा वापर घटवण्याचा करार २०१६मध्ये किगालीत झाला, भारतानं २०२१मध्ये त्याला मान्यता दिली.

सिग्नलला गाडी थांबली की गारवा उतरायचा, कंडेन्सर जुनाच होता ना. हायवेला मात्र छान. पंढरपूरच्या अलीकडे अम्मीनं पर्समधून पंप काढला, एक दम घेतला. सीएफसी नसलेल्या त्या नव्या पंपात औषध ढकलणारा वायूही १३४-ए! मी तिला हे सांगितलं, तर म्हणाली, "बेटा, आगे देखके चला."