दूरशिक्षण आणि गणिताचा भावी शिक्षक



विद्यापीठीय दूरशिक्षण ही महामारीची निर्मिती नव्हे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षणक्रम सुरू केला. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्या पद्धतीत पाठ विचारपूर्वक लिहिले जात, छापून टपालाने विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत आणि संपर्कवर्गात शंकांचे निरसन होई. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा मात्र फळ्यासाठी योजलेला अभ्यासक्रम एकाएकी पडद्यावर आणावा लागला. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार शहरी भागात ४२ टक्के, तर ग्रामीण भागात जेमतेम १५ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती.

गणिताचा शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण याहूनही खोल होती. त्याला गणित शिकावयाचे असते आणि गणित शिकविणेही शिकावयाचे असते. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन होते, हे सिद्ध करताना शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढतात. छापील पानावर ती रेषा आधीच काढलेली असते. वर्गात अध्यापक खडू हातात धरून क्षणभर थांबतो, आणि ही रेषा सुचावी कशी, हा प्रश्न त्या थांबण्यातून उमटतो.

शिकविण्याचे कौशल्य तर मुलांच्या सहवासातच येते. एखादे मूल १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिते. उत्तर चुकले हे यंत्रही सांगेल. परंतु मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळविला, हे शिक्षकाने ओळखावयाचे असते. अर्ध्या भाकरीत भर घातल्यावर ती अर्ध्याहून कमी कशी झाली, असे त्याला विचारावयाचे असते. यासाठीच २०१४च्या नियमांनी दोन वर्षांच्या बी.एड. शिक्षणक्रमात किमान वीस आठवड्यांचा शालेय अनुभव आवश्यक ठरविला. शाळाच बंद झाल्या, तेव्हा अनेक ठिकाणी सहाध्यायांनाच विद्यार्थी मानून पाठ घेतले गेले. परंतु ज्याला उत्तर ठाऊक आहे, त्याची चूक खरी नसते.

ध्वनिचित्रित पाठ पुनःपुन्हा पाहता येतो, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. जे दुरून पोहोचविता येते ते अवश्य पोहोचवावे. तथापि त्या काळात पदवी घेऊन बाहेर पडलेल्या शिक्षकांना अनुभवी सहकाऱ्यांच्या वर्गात बसण्याची संधी मिळाली पाहिजे. अन्यथा त्यांच्या शिक्षणातील उणीव अखेर वर्गातल्या मुलालाच सोसावी लागेल.