ओंडक्यातली भोकं

पूर ओसरला की बदलापूरजवळ उल्हास नदीच्या काठाला ओंडके अडकलेले दिसतात. एखादा जवळून पाहा. साल गेलेली असते आणि लाकडात बारीक, गोल भोकं असतात. हे काम भिरुडाचं, म्हणजे भुंगेऱ्यांच्या अळ्यांचं. झाड उभं असताना किंवा पडून वाळताना झालेलं. तोच ओंडका कल्याणपुढे खाडीच्या खाऱ्या पाण्यात राहिला, तर त्याला तेरेडो लागतो. हा दिसतो अळीसारखा, पण आहे शिंपल्यांच्या कुळातला. त्याच्या बोगद्याला आतून चुन्याचं पांढरं अस्तर असतं.

लाकडाचा दगड झाला तरी या खुणा राहतात, आणि मला हेच सर्वांत विलक्षण वाटतं. पाण्यात विरघळलेली सिलिका लाकडात झिरपते, पेशी भरून काढते, बोगद्यातला भुसाही त्यात थिजतो. कोरड्या लाकडातल्या वाळवीची विष्ठा सहा पैलूंच्या दाण्यांची असते. असे दाणे कोट्यवधी वर्षं जुन्या अश्मीभूत लाकडांत मिळाले आहेत. कीटक उरत नाही, पण कोण होता ते कळतं. हे दाणे आणि चुन्याचं अस्तर एकाच ओंडक्यात दिसलं, तर तो आधी जमिनीवर वाळला, मग समुद्रात गेला, हेही उलगडतं.

अंबरनाथ-उल्हासनगरच्या कातळात असं लाकूड सहसा मिळायचं नाही. हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. 1060 सालचं अंबरनाथचं शिवमंदिरही याच काळ्या दगडाचं. मात्र लाव्हाच्या दोन थरांमध्ये जिथे तळी साचली, तिथल्या गाळात जीव टिकले. मुंबईत वरळीला अशा थरात बेडकांचे जीवाश्म सापडले.

वाहून आलेलं लाकूड आणि जागीच उगवलेलं झाड यांत गल्लत होऊ नये. 1878 च्या सुमारास मुंबईत प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली खैराची खोडं निघाली. ती दगड झालेली नव्हती, आणि कित्येकांची मुळं जमिनीत रोवलेलीच होती. म्हणजे ती वाहत आली नव्हती. जिथे रान होतं, तिथे समुद्र आला होता.

दगड झालेली खोडं पाहायची तर गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला जा. ती ज्युरासिक काळातली आहेत. तिथे भोकं दिसली तर भुंगेऱ्यांचा विचार करा, वाळवीचा नको. भुंगेरे तेव्हा होते. वाळवीचे आजवर मिळालेले सर्वांत जुने जीवाश्म त्यानंतरच्या, क्रिटेशस काळातले आहेत.