अवटू ग्रंथीचा कर्करोग : उपचारांतील एकसूत्रता

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील कर्करुग्णाची वाट प्रायः परळकडे जाते. १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय तेथे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘रेडिएशन मेडिसिन सेंटर’ही १९६३ पासून तेथेच कार्य करीत आले आहे. अवटू, म्हणजेच थायरॉइड ग्रंथीच्या विकारांवर किरणोत्सारी आयोडीनचा उपचार हे त्याचे प्रमुख कार्य.

गळ्यावरील बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. कर्करोग निघालाच, तरी त्याचे बहुतेक प्रकार वेळीच योग्य उपचार झाल्यास बरे होतात. मग अडते कोठे? पुष्कळदा उपचारांच्या क्रमात. प्रथम सोनोग्राफी, मग बारीक सुईने पेशी काढून तपासणी व त्यानंतरच शस्त्रक्रियेचा निर्णय, हा तो क्रम. तो मोडून घाईने गाठच तेवढी काढली, तर पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते. दुसऱ्या खेपेस आवाजाच्या नसेला व रक्तातील कॅल्शियम राखणाऱ्या लहान ग्रंथींना इजा होण्याचा धोका अधिक असतो.

एकसूत्रता म्हणजे सरसकट एकच उपचार नव्हे. ग्रंथीतच मर्यादित असलेल्या, एक सेंटिमीटरहून लहान अशा काही गाठींवर केवळ नियमित लक्ष ठेवणे पुरते. आयोडीन द्यावे की नाही, हे रोग उलटण्याच्या संभवावरून ठरवावयाचे असते. ज्याला त्याला ते देणे ही काही तत्परता नव्हे. देशातील केंद्रांत उपचारांची समान पातळी राहावी म्हणून २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिडची उभारणी झाली, ती याच विचाराने.

किरणोत्सारी आयोडीनची मात्रा दर आठ दिवसांनी निम्मी होते. मोठी मात्रा घेतलेल्या रुग्णास काही दिवस रुग्णालयात वेगळे ठेवतात. घरी परतल्यावरही काही काळ लहान मुले व गरोदर स्त्रियांपासून अंतर राखावे लागते. एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या कुटुंबाने हे कसे साधावे? शिवाय परतीचा प्रवास गर्दीच्या लोकलचा! घराची ही स्थिती उपचारापूर्वीच डॉक्टरांना सांगितली पाहिजे, आणि ती रुग्णाला विचारणे हाही प्रमाणित उपचाराचाच भाग आहे.

संपूर्ण ग्रंथी काढल्यावर थायरॉक्सिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. बरे वाटू लागताच ती सोडणारे रुग्ण थोडे नाहीत. सरपंच, शिक्षक यांनी अशा घरी गेल्यास गोळीची चौकशी करावी, आणि पहिल्या तपासणीच्या काचपट्ट्या, मेणाचे ठोकळे व शस्त्रक्रियेचा अहवाल जपून ठेवला आहे ना, हेही पाहावे. रुग्णालय बदलताना नव्या डॉक्टरांना प्रथम त्यांचीच गरज भासते.