अर्ज म्हणजे याचना नव्हे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



शालान्त परीक्षेपासून पदव्युत्तर परीक्षेपर्यंतच्या यशस्वी विद्यार्थ्यांचे आज येथे कौतुक झाले, हे उचितच झाले. परंतु आपल्या समाजातील काही मुलेमुली त्याहीपुढे जाऊन पीएच.डी.साठी अथवा पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी प्रयोगशाळांतून व ग्रंथालयांतून परिश्रम करीत आहेत. त्यांच्यासाठी येथे पारितोषिक नाही. उलट, "अजून शिकतोच आहेस का?" हा प्रश्न त्यांना प्रत्येक लग्नकार्यात ऐकावा लागतो. त्यांना व त्यांच्या वडीलधाऱ्यांना एकच गोष्ट सांगण्यासाठी मी उभा आहे. आपल्या संस्थेबाहेरची अधिछात्रवृत्ती, म्हणजे जिला आपण फेलोशिप म्हणतो ती, स्वतःच्या नावावर मिळविण्याचा यत्न करा. तिच्यासाठी अर्ज करणे म्हणजे याचना नव्हे.

हे मी अनुभवाने शहाणा होऊन सांगत आहे. संशोधक विद्यार्थी असताना माझे वेतन माझ्या मार्गदर्शकांच्या प्रकल्पातून मिळे. राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीच्या परीक्षेचा अर्ज मी आणला होता, पण तो टेबलाच्या खणातच राहिला. "आपल्याला कोण देणार?" ही एक शंका, आणि "आपल्या घराण्यात कोणी कोणापुढे हात पसरला नाही" हे वडिलांचे वाक्य. पुढे प्रकल्पाचे अनुदान संपले आणि त्याबरोबर माझे वेतनही संपले. शेजारच्या टेबलावरील माझ्या मित्राची अधिछात्रवृत्ती त्याच्या स्वतःच्या नावावर होती. त्याचे काम एक दिवसही थांबले नाही. मी नोकरी धरली. प्रबंध पुरा झाला तो सात वर्षांनी, आणि तोवर माझ्या प्रश्नाचे उत्तर इतरांनी शोधून काढले होते. वडिलांना मी दोष देत नाही. अर्ज भरणारा हात माझा होता.

आता थोरांचे उदाहरण पाहा. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्या बळावर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ साली एम.ए. झाले. पुढे ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना स्वदेशी परतावे लागले. एवढ्या प्रज्ञेच्या पुरुषालाही द्रव्याने अडविले! परंतु ते स्वस्थ बसले नाहीत. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज त्यास जोडून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले व १९२३ साली डी.एस्सी. झाले. साहाय्य मागितल्याने त्यांच्या स्वाभिमानास यत्किंचितही उणेपणा आला, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

मुलींच्या मातापित्यांनी कमलाबाई सोहोनी यांचे चरित्र ध्यानात ठेवावे. त्या माहेरच्या भागवत. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पण बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये केवळ स्त्री म्हणून त्यांना आरंभी प्रवेश नाकारण्यात आला. त्यांनी आग्रह सोडला नाही व प्रवेश मिळविला. पुढे शिष्यवृत्तीच्या आधाराने त्या केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली पीएच.डी. झाल्या.

आज दारे पुष्कळ आहेत. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम २०२३ सालापासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढील बढतीनंतर ४२,००० रुपये अशी आहे. महाराष्ट्रात बार्टी, सारथी व महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटांतील संशोधकांना साहाय्य करतात. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू, जर्मनीसाठी हुम्बोल्ट, युरोपसाठी मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी या अधिछात्रवृत्त्या आहेत. शिवाय, जो आपले वेतन बरोबर घेऊन येतो त्याचे कोणत्याही प्रयोगशाळेत स्वागत होते आणि आपला विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही त्यालाच अधिक असते.

मात्र अर्ज हे एका रात्रीचे काम नव्हे. वर्षभर आधी आरंभ करावा. नियम बारकाईने वाचावेत, पीएच.डी. मिळाल्यानंतर ठराविक वर्षांतच अर्ज करता येईल अशी अट पुष्कळ ठिकाणी असते. शिफारसपत्र देणाऱ्या गुरुजनांना निदान महिनाभर अगोदर विनंती करावी व आपला आराखडा त्यांच्या हाती द्यावा. हा आराखडा दुसऱ्या विषयाच्या विद्वानासही समजला पाहिजे. आपण काय शोधीत आहो, ते का शोधावे आणि ते आपल्यालाच का साधेल, हे दोन पानांत लिहिता आले तर विचार स्वच्छ झाला असे समजावे. म्हणूनच नकार आला तरी ती दोन पाने वाया जात नाहीत. परीक्षकांचे अभिप्राय मिळाल्यास ते शांतपणे वाचावेत, आराखडा सुधारावा आणि पुढच्या वर्षी पुन्हा धाडावा.

शेवटी मंडळास एक विनंती. आपला साहाय्यक निधी लहान आहे. त्यातून कोणाचे चार वर्षांचे संशोधन पार पडणार नाही; परंतु परीक्षेचे शुल्क आणि मुलाखतीचा प्रवासखर्च निश्चित भागेल. ज्यांना अशी अधिछात्रवृत्ती मिळाली आहे त्यांनी दरवर्षी दोन नव्या उमेदवारांचे अर्ज वाचून द्यावेत. हे ऋण पैशाने फेडण्याचे नाही. आणि घरच्या वडीलधाऱ्यांनो, "अजून शिकतोस का?" असे न विचारता, "अर्ज धाडलास का?" असे विचारा.

माझा कोरा अर्ज अजून माझ्या संग्रही आहे. तो भरण्याचे माझे वय निघून गेले. आपल्यापैकी कोणाच्याही खणात तसा कागद राहू नये, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.