न्यायमूर्ती छागला आणि निवृत्तीनंतरची खुर्ची
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना अखेरचा निरोप दिला, त्या दिवशी मुंबई राज्याचे राज्यपाल कोण होते? न्यायमूर्ती महंमद अली करीम छागला. होते हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती, पण १४ ऑक्टोबर ते १० डिसेंबर १९५६ हंगामी राज्यपालपद त्यांच्याकडे आलं. १४ ऑक्टोबर म्हणजे आपल्या दीक्षेचाच दिवस! अर्थात नागपूर तेव्हा मध्य प्रदेशात होतं, हा निव्वळ योगायोग.

हा माणूस विलायतेहून बॅरिस्टर होऊन आला, जिनांच्या हाताखाली वकिली शिकला आणि जिना जातीय वाटेला लागताच त्यांच्यापासून दूर झाला. १९४१ ला न्यायाधीश, १९४७ ला मुख्य न्यायमूर्ती. दादरा-नगरहवेलीवरून पोर्तुगालने भारताला हेगच्या जागतिक कोर्टात खेचलं, तेव्हा भारतातर्फे तिथे न्यायाधीश म्हणून बसले तेही हेच.

पण मला मोठं वाटतं ते १९५८ चं काम. आम्हा गिरणीवाल्यांच्या पगारातून विम्याचा हप्ता कापला जायचा, म्हणून ही गोष्ट जिवाला लागते. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडाच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले. पैसा कुणाचा? हप्ते भरणाऱ्या साध्या माणसांचा. फिरोज गांधींनी लोकसभेत आवाज उठवला, चौकशी छागलांकडे आली. त्यांनी ती बंद दाराआड केली नाही, चारचौघांत केली. लोक ऐकायला गर्दी करायचे. काही आठवड्यांत अहवाल दिला आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला.

आता दुसरी बाजूही सांगतो, नुसत्या आरत्या ओवाळणं आपल्याला शोभत नाही. न्यायाधीशाने निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ नये, अशी शिफारस त्याच १९५८ साली सेटलवाडांच्या कायदा आयोगाने केली. छागला त्या आयोगाचे सदस्य होते. आणि त्याच वर्षी ते अमेरिकेत राजदूत म्हणून गेले! पुढे केंद्रात मंत्रीही झाले. काम चोख केलं, १९६७ ला भाषेच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडलंही, आणीबाणीत सरकारविरुद्ध उघड बोलले. तरी सेटलवाडांना ते खटकलं, मलाही खटकतं. उद्याची खुर्ची ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध आज निकाल द्यायला हात कचरणार नाही का?

आपल्या समाजातले न्यायमूर्ती भूषण गवई १४ मे ते २३ नोव्हेंबर २०२५ देशाचे सरन्यायाधीश होते. वडील रा. सू. गवई बिहार आणि केरळचे राज्यपाल राहिलेले, म्हणजे राजभवन त्यांनी घरातूनच पाहिलेलं. तरी निवृत्तीनंतर कुठलंही सरकारी पद घेणार नाही, हे त्यांनी खुर्चीवर असतानाच जाहीर करून टाकलं.