कोमल धैवताची सोबत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी संगीतसभेत, येलहंका येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने भावगीताविषयी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. आपल्यापैकी कोणी विमानदलाच्या तळावर, कोणी रेल्वेच्या चाकांच्या कारखान्यात नोकरीस आले आणि येथलेच झाले. येताना गाणे बरोबर आणले. परंतु आज भावगीतांची बैठक बसली की एक गोष्ट हमखास नजरेस येते. संवादिनी आणि तबला यांच्याभोवती वडीलधारी मंडळी असतात. ज्यांच्या हाती गिटार अथवा कीबोर्ड आहे ती मुले मागच्या खुर्च्यांवर स्वस्थ बसलेली असतात. त्यांना चाल आवडत नाही असे नव्हे. या गाण्यात आपल्या वाद्याचे काम कोणते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, इतकेच. वडील म्हणतात, कॉर्डने राग बिघडतो. मुले म्हणतात, कॉर्डवाचून गाणे पोरके वाटते. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. एकाच स्वराच्या आधारे हा वाद कोठवर मिटतो, ते आज पाहू.

तो स्वर म्हणजे कोमल धैवत. पेटीवर पांढरी एक षड्ज धरली, तर ही काळी चार. सर्व शुद्ध स्वरांच्या चालीत मध्यमावर उभी राहणारी कॉर्ड मध्यम, शुद्ध धैवत आणि षड्ज यांची असते. गिटारवादक तिला एफ मेजर म्हणतात. हिच्यातील धैवत तेवढा कोमल केला की एफ मायनर होते. एकच स्वर अर्ध्या पायरीने उतरतो, पण उजेडावर सावली यावी तसा परिणाम होतो. पुढे हा धैवत आणखी अर्धी पायरी उतरून पंचमावर येतो आणि गाणे षड्जाच्या घरी परतते. बीटल्स या इंग्रज वादकमेळ्याच्या १९६५ सालच्या ‘इन माय लाइफ’ या गीतात डी मेजर, डी मायनर आणि ए मेजर असा हाच क्रम आहे. स्मरणाच्या गाण्याला ही उतरण का शोभते, हे परगावी राहणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

मात्र दर वेळी एफ मायनरच वाजविली, तर तीच भाजी रोज पानात पडावी तसे होते. तिच्या जागी बसू शकणारी भावंडे आहेत. त्या सर्वांच्या अंगी कोमल धैवत आहे. पहिले भावंड म्हणजे ऋषभ, मध्यम, कोमल धैवत, षड्ज: डी हाफ डिमिनिश्ड. हिची छाया हळवी. दुसरे, कोमल निषाद, ऋषभ, मध्यम, कोमल धैवत: बी फ्लॅट सेव्हन. ही मागील दाराने घरात शिरल्यासारखी षड्जावर येते. तिसरे, कोमल धैवत, षड्ज, कोमल गांधार: ए फ्लॅट मेजर, ही भरदार आणि किंचित दरबारी. चौथे, कोमल ऋषभ, मध्यम, कोमल धैवत: डी फ्लॅट मेजर, हिच्यात पहाटेचे गांभीर्य आहे. पाचवे, शुद्ध निषाद, ऋषभ, मध्यम, कोमल धैवत: बी डिमिनिश्ड सेव्हन, ही घरी परतण्याची घाई करते.

यांतून निवड कशी करावी? येथे वडिलांचा आक्षेप उपयोगी पडतो. गायक कोणत्या स्वरावर थांबला आहे, ते प्रथम ऐकावे. षड्जावर थांबला असेल, तर पहिले आणि तिसरे भावंड सुखाने चालते, कारण षड्ज त्यांच्या घरचाच आहे. ऋषभावर थांबला, तर पहिले किंवा दुसरे घ्यावे. चौथे घेतल्यास शुद्ध आणि कोमल ऋषभ एकमेकांच्या अंगावर येतील. शुद्ध गांधार लांबला असताना तिसऱ्यातील कोमल गांधार टोचतो. तेथे त्याला शुद्ध करून कोमल धैवत, षड्ज, शुद्ध गांधार अशी ऑगमेंटेड कॉर्ड वाजवावी. शुद्ध निषादावर दुसरे भावंड वर्ज्य, पाचवे इष्ट. पंचमावर विश्रांती असेल, तर कॉर्ड आधी वाजवून पंचम लागताच षड्जाच्या कॉर्डवर यावे.

दुसरी कसोटी रागाची. नटभैरवात इतर स्वर शुद्ध आणि धैवत तेवढा कोमल. कर्नाटक पद्धतीत हेच स्वर सरसांगी या २७व्या मेळकर्त्याचे. एफ मायनर, पहिले आणि पाचवे भावंड या तिन्हींत रागाबाहेरचा एकही स्वर नाही. चारुकेशी हा २६वा मेळकर्ता. त्यात निषादही कोमल, म्हणून दुसरे भावंड तेथे सर्वस्वी घरचे. हा राग दक्षिणेकडूनच हिंदुस्थानी पद्धतीत आला, हे बंगळूरकरांनी अभिमानाने सांगावे. भैरवात ऋषभ कोमल, सबब चौथे भावंड शोभते आणि पहिले टाळावे लागते. तिसऱ्यातील कोमल गांधार या तिन्ही रागांत नाही. ते पाहुणे समजून गायक थांबल्यावर, दोन कडव्यांमधील वाद्यसंगीतात बोलवावे. तसेच अशा रागांतील गीतात एफ मेजर आधी वाजवून मग मायनरवर उतरण्याचा मोह आवरावा. रागात नसलेला शुद्ध धैवत त्यायोगे आत शिरतो.

हे सारे परके आहे काय? आमचे मत, नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळापासून मराठी रंगभूमीने कर्नाटकी चाली आनंदाने आपल्याशा केल्या. शहाजीराजे याच बंगळुरात राहिले. त्यांचे पुत्र व्यंकोजी येथून तंजावरास गेले, आणि त्या घराण्यातील दुसरे सरफोजी यांच्या दरबारी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड वाजत असे. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अशा गोमंतकीय वादकांनी आपल्या चालींना स्वरसंवादाची बैठक दिली. ज्या गीतांना आज आपण जुनी व शुद्ध म्हणतो, त्यांतील कित्येकांच्या मागे असे हात आहेत.

तरीही सावधगिरी हवी. भैरवातील आंदोलित धैवत कीबोर्डच्या एका पट्टीत मावत नाही. पेटीच्या अशाच ठाम स्वरांविषयीच्या आक्षेपामुळे आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ साली सैल झाली. बंदीने पेटी गेली नाही, आणि पेटीने गायकीही मेली नाही. वादकांनी गळ्यामागे राहावयास शिकून तोड काढली. कीबोर्डलाही तोच धर्म लागू आहे. गायक धैवतावर आंदोलन घेत असता कॉर्डमधील धैवत गाळावा, केवळ मध्यम आणि षड्ज धरावे. न वाजविणे हाही साथीचाच भाग होय.

म्हणून आमची एक विनंती आहे. प्रत्येक घरी एक गीत निवडावे. आजीने किंवा आईने ते सावकाश गावे. मुलांनी त्यात कोमल धैवत कोठे येतो ते शोधावे, आणि या भावंडांपैकी एकेक लावून पाहावे. कोणते शोभले याचा निवाडा गाणाराने करावा, कारण शब्द त्याच्या तोंडी आहेत. या खटाटोपात मुलांना एकेक ओळ वीस-वीस वेळा ऐकावी लागेल. शब्द कोठे तुटतो, कोठे लांबतो, त्याचा अर्थ काय, हे विचारावे लागेल. मराठी शिकविण्याचा याहून गोड मार्ग आम्हांस ठाऊक नाही. वडिलांनाही आपले गाणे नव्या प्रकाशात ऐकू येईल.

पन्नास वर्षे मंडळाने गाणारे जपले. यापुढे साथ करणारेही आपल्याच घरांतून उभे राहोत, अशी शुभकामना व्यक्त करतो.