परदेशांतील गाडी आणि परवाना

अंबरनाथचा गृहस्थ नोकरीकरितां परदेशीं निघाला, म्हणजे कल्याणच्या परिवहन कार्यालयांतून आंतरराष्ट्रीय परवाना घेतो आणि निश्चिंत होतो. ही निश्चिंती फसवी आहे. वास्तव्य सुरू झाल्यापासून भारतीय परवाना इंग्लंडांत १२ महिने चालतो, जर्मनींत अवघे ६. पुढें नियमांची व प्रत्यक्ष चालविण्याची, अशा दोन्ही परीक्षा नव्यानें द्याव्या लागतात. इंग्लंडांतही वाहनें डावीकडूनच जातात खरीं. पण संवय म्हणजे परवाना नव्हे. मुदत टळल्यावर अपघात झाला, तर विम्याचा आधारही डळमळतो. म्हणून इंग्लंडांत जाणाऱ्यानें आरंभींच शिकाऊ परवान्याचा अर्ज करावा. बदलापूरच्या रस्त्यावर वीस वर्षें गाडी हांकलेल्यास पुन्हां शिकाऊ होण्यांत कमीपणा वाटतो. परंतु परक्या गांवीं विद्यार्थी होणें, हाच पाहुण्याचा पहिला धर्म होय.